सोनकीची नोंद झाली, आपण 'वगैरे'त राहिलो

गौरी-गणपती आटोपले की कुडपणच्या उतारावर सोनकी पिवळी होते. भात पोटरीला आलेलं असतं, नाचणी हिरवीगार असते आणि वरच्या माळावर, कातळाच्या कडेला, पायवाटेच्या दोन्ही अंगांना नुसती हळद सांडल्यासारखं दिसतं. आपल्याला त्याचं काही विशेष वाटत नाही. दरवर्षीचंच आहे ते.

अशाच एका भादव्यात शहरातल्या कॉलेजची चार पोरं-पोरी वर आली. हातात खुरपं, पाठीवर पट्ट्याने आवळलेल्या दोन लाकडी जाळ्या, मधे जुने पेपर. एका पोरीने सोनकीचं झाड मुळासकट उपटलं, माती झटकली, पेपरात नीट पसरून ठेवलं आणि दाबून बांधलं. धनगरवाड्यावरची आजी बघत उभी होती. पोरीने विचारलं, "आजी, याला काय म्हणता?" आजीने सांगितलं, "सोनकी." या जागेचं नाव काय, वर वाट कुठे जाते, हे फूल कधीपर्यंत राहतं, सगळं आजीने सांगितलं. पोरीने वहीत लिहून घेतलं आणि एक छोटी चिठ्ठी तयार केली. आजीला वाचून पण दाखवली. कुडपण, तालुका पोलादपूर. उघडा गवताळ उतार. फुलं पिवळी. तारीख. गोळा करणाराचं नाव, नंबर.

आजी म्हणाली, "फूल माझ्या दारचं, नाव मी सांगितलं, आन् चिठ्ठीवर नाव तुझं?"

पोरगी आधी हसली, मग गप्प झाली. म्हणाली, "आजी, तिथं गोळा करणाऱ्याचंच नाव लिहायची रीत आहे."

पोरगी वाईट नव्हती. तिने खरं तेच सांगितलं. पण ही रीत कुठून आली आणि आपल्या जमिनीच्या दाव्यांशी तिचा काय संबंध आहे, ते वाड्या-वाड्यांवर बोललं पाहिजे असं आम्हांला वाटतं. म्हणून हा लेख.

झाडांचं दप्तर

वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून, चिठ्ठी लावून कपाटात जपून ठेवतात, त्या जागेला हर्बेरियम म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर झाडांचं दप्तर. तलाठ्याकडे सात-बाराचं दप्तर असतं तसं. एक झाड, एक पान. पानावर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, कोणी तोडलं, कुठल्या तऱ्हेच्या जागेत होतं. असं मोठं दप्तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात आहे, त्याला ब्लॅटर हर्बेरियम म्हणतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, ते १९५५ सालापासून. हे केंद्र सरकारचं खातं. याच खात्याने १९९३ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या वनस्पतींवर अख्खं पुस्तक काढलं. आणि इंग्रजांच्या काळात आपल्या सह्याद्रीतून गेलेली पानं लंडनजवळच्या क्यू बागेत आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांची पानं, पण अजून धड आहेत. त्यांना वाळवी लागू नये म्हणून औषध लावलेलं असतं, ओल लागू नये म्हणून कपाटं बंद ठेवतात.

आता आपल्या कागदांकडे बघा. २००५ च्या जुलैत महाड-पोलादपूरला दरडी आल्या, पूर आला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं, तळिये तर आख्खं दरडीखाली गेलं. माणसं गेली, गुरं गेली, त्यात कागदांचं कोण बघतो? पण पुढे दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न येतो, "पुरावा कुठाय?" घरपट्टीची पावती, दंडाची पावती, जुनं रेशनकार्ड, काय होतं ते पत्र्याच्या पेटीत होतं आणि पेटी चिखलात गेली.

म्हणजे बघा, आपल्या डोंगरातलं सोनकीचं एक वाळकं झाड परदेशातल्या कपाटात दीडशे वर्षं सुखरूप आहे, आणि त्याच डोंगरात राहणाऱ्या माणसाचा वीस वर्षांपूर्वीचा कागद सापडत नाही.

फुलाला कोणाचं नाव

सोनकीच्या कुळाला शास्त्राच्या भाषेत सेनेसिओ म्हणतात. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा. फूल सुकलं की बियांना पांढरे रेशमी केस येतात, म्हाताऱ्याच्या डोक्यासारखे, म्हणून ते नाव. आपली पोरं उडणाऱ्या रेशमी बीला 'म्हातारी' म्हणत पळतात. दोन टोकांच्या माणसांना एकच गोष्ट सुचली. ज्ञान कोणा एकाच्या घरचं नसतं, हे यावरून कळतं.

पण पुढचं ऐका. आपली नेहमीची सोनकी पूर्वी ग्रॅहॅमच्या नावाने लिहायचे, सेनेसिओ ग्रॅहॅमी. ग्रॅहॅम हा मुंबईच्या टपाल खात्यातला इंग्रज अधिकारी. त्याची मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी १८३९ साली छापली गेली. पुढे कळलं की हे नाव दुसऱ्याच एका झाडाला आधी दिलेलं आहे, तेव्हा ते बदललं आणि सेनेसिओ बॉम्बेएन्सिस झालं. म्हणजे मुंबईची. इथे फुललेल्या सोनकीचं नाव आधी पोस्टातल्या साहेबाचं, मग मुंबईचं.

हिच्या दोन बहिणी आहेत. एक सेनेसिओ गिब्सोनी, दुसरी सेनेसिओ डालझेली. गिब्सन कोण? मूळचा डॉक्टर, दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख, आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. डालझेल कोण? त्याच्या मागून त्याच जागेवर बसलेला वनसंरक्षक. दोघांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्याच्या झाडांवर पुस्तक लिहिलं. झाडांची माहिती त्यांना दांडगी होती, ते नाकारायचं कारण नाही. पण ज्या खात्याची घडी या दोघांनी बसवली, त्याच खात्याने डोंगर मोजायला घेतला. आपली दळी, आपला राब, काही वर्षं पिकवून रान सोडायची आपली पद्धत त्या खात्याच्या लेखी जंगलाची नासाडी ठरली. १८६५ चा कायदा आला, मग १८७८ चा. रान राखीव झालं. सोनकीच्या जातींची नावं १८८१ च्या सुमारास इंग्रजांच्या मोठ्या पुस्तकात पक्की झाली. आणि १८८५ साली ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत जंगलाबद्दलची गाऱ्हाणी इतकी वाढली, की सरकारला त्यांच्यासाठी आयोग बसवावा लागला. आपला महाड-पोलादपूरचा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यातच होता.

फुलाची आणि जंगलाची नोंद एकाच काळात, एकाच तऱ्हेच्या माणसांच्या हातून झाली. फुलाला साहेबाचं नाव मिळालं, डोंगराला खात्याचं.

'वगैरे' म्हणजे आपण

क्यूच्या कितीतरी जुन्या पानांवर एक छापील चिठ्ठी आहे. तिच्यावर ठिकाण दिलंय: मलबार, कोकण, वगैरे. गोळा करणारे: स्टॉक्स, लॉ, वगैरे. स्टॉक्स हा कंपनी सरकारचा डॉक्टर, लॉ हा मुलकी अधिकारी. बास. गाव नाही, डोंगर नाही, कित्येकदा तारीखही नाही. एवढं मोठं कोकण एका शब्दात उरकलंय.

आम्ही त्या चिठ्ठीवर बराच विचार केला. डोंगराची वाट साहेबाला कोणी दाखवली? कुठल्या कड्याला कुठलं फूल येतं हे कोणी सांगितलं? ओझं कोणी वाहिलं, रात्री पाल लावायला जागा कोणी दाखवली? वाटाड्याशिवाय या दऱ्यांत कोणी उतरलेलं नाही, आजही उतरत नाही. हे सगळे लोक त्या चिठ्ठीवरच्या 'वगैरे'त आहेत. कातकरी 'वगैरे'त, धनगर 'वगैरे'त, ठाकूर, कोळी 'वगैरे'त. कुडपण पण त्यातच.

तोच शब्द आज वेगळ्या रूपात दाव्याच्या कागदावर येतो. "पुरेसा पुरावा नाही." आपण इथे होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण लिहिताना कोणी आपल्याला लिहिलं नाही. आणि ज्यांनी लिहिलं नाही तेच आता विचारतात, की लिहिलेलं कुठाय?

यात सगळ्यात जास्त झळ आपल्या धनगर भावांना बसते. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जे अनुसूचित जमातीत नाहीत, त्यांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याचा वाडाच माळावर, कुडाच्या भिंतीचा आणि पेंढ्याच्या छपराचा, तो ७५ वर्षांचा कागद आणणार कुठून?

पानाची साक्ष कुठवर चालते

झाडाच्या पानाची साक्ष किती पक्की असते, याचं एक उदाहरण सोनकीच्याच कुळातलं आहे. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेटावर एटना नावाचा ज्वालामुखी डोंगर आहे. तिथल्या लाव्ह्याच्या खडकात सोनकीच्या कुळातलं पिवळं झाड वाढतं. १७०० च्या सुमारास ते इंग्लंडात ऑक्सफर्डच्या बागेत लावलं. तिथून ते भिंतींवर पसरलं आणि पुढे रेल्वे आल्यावर रुळांच्या कडेची खडी आणि कोळशाची राख त्याला घरच्यासारखी वाटली. गाडीच्या वाऱ्यावर त्याच्या म्हाताऱ्या उडत गेल्या आणि झाड देशभर झालं. हे कसं कळलं? वेगवेगळ्या गावांतल्या वाळवलेल्या पानांवर ठिकाण आणि तारीख होती म्हणून. पानं ओळीने लावली की झाडाचा सगळा प्रवास दिसतो.

आपली सोनकी याच्या उलट. ती कुठून आलेली नाही. ती सह्याद्रीच्या रांगांतलीच आहे, शास्त्रज्ञ तिला प्रदेशनिष्ठ म्हणतात. म्हणजे मूळची रहिवासी. फुलाला मूळ रहिवासी म्हणतात, आणि त्याच उतारावर पिढ्यान् पिढ्या नाचणी पिकवणाऱ्याला फायलीत अतिक्रमणदार म्हणतात.

आता मुद्द्याची गोष्ट. सोनकी दाट सावलीत वाढत नाही. तिला उघडा उतार लागतो, गवताळ माळ लागतो, बांध आणि वाटेची कड लागते. पानावर 'उघडा गवताळ उतार' असं लिहिलं असेल आणि तारीख जुनी असेल, तर त्या दिवशी ती जागा उघडीच होती, एवढं तरी पक्कं होतं. आपल्याला तर सांगतात, हे पूर्वी घनदाट जंगल होतं, तुम्ही तोडून उजाड केलंत, आता खड्डे मारून झाडं लावायची. मग कुंपण येतं, ऑस्ट्रेलियन बाभूळ येते, गुरांची वाट बंद होते. उघडा माळ म्हणजे उजाड रान नव्हे. माळ हा माळच असतो. त्याचं गवत, त्याची फुलं, त्यावर चरणारी गुरं ही एक जुनी व्यवस्था आहे. कासच्या पठारावर गुरांची चराई थांबल्यावर फुलांवर काय परिणाम झाला, यावर अभ्यासकांतही वाद झाला. उंच गवत माजलं की बुटकी फुलं दबतात, हे आपल्या गुराख्याला शाळेत न जाता माहीत होतं.

आणखी एक गंमत. पावसाळ्याच्या शेवटी येणारे पाहुणे पिवळा उतार दिसला की फोटो काढतात, 'रानफुलं' म्हणतात. त्यातला एखादा उतार आपण पेरलेल्या कारळ्याचा असतो! वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळा, मग रान सोडून द्यायचं. कारळा आणि सोनकी एकाच मोठ्या कुळातली, दोन्ही पिवळी. लांबून बघणाऱ्याला मेहनत पण निसर्गच दिसते.

पण आपणही उगाच ताणून बोलू नये. एका सोनकीच्या पानाने कोणाचा दावा मंजूर होणार नाही. सोनकी रस्त्याकडेला पण येते. पान फक्त जागा आणि दिवस सांगतं, ताबा कोणाचा ते सांगत नाही. ते आधाराचा कागद आहे, मुख्य कागद नाही. वनहक्काच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, वनखात्याचे अभिलेख. नामवंत संस्थांनी आपल्या चालीरीतींच्या केलेल्या नोंदी. बांध-बंदिस्तीसारख्या जमिनीवरच्या खुणा. विहीर, स्मशान, देवाची जागा. वंशावळ. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे आहेत. अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. माळाच्या, चराईच्या सामूहिक दाव्यात, म्हाताऱ्यांच्या जबाबाला असं जुनं पान जोडलं, की जबाबाला बळ येतं. आजी म्हणते माळ पहिल्यापासून उघडा होता, आणि सरकारच्याच दप्तरातलं पान तेच म्हणतं.

आम्ही काय म्हणतो

पहिली गोष्ट, झाडं गोळा करायला येणाऱ्यांनी आधी ग्रामसभेला सांगावं. आम्ही कोणाला अडवत नाही. शिकणाऱ्या पोरांना तर नाहीच, त्यांना भाकरी पण घालू. पण चिठ्ठीवर आमच्या गावाचं, वाडीचं आणि त्या जागेचं आमचं नाव लिहावं. ज्याने दाखवलं त्याची मर्जी असेल तर त्याचं नाव लिहावं. गुरं ते झाड खातात का, कोण कशाला वापरतं, हेही विचारावं. याच कुळातल्या एका झाडाने विलायतेत गुरा-घोड्यांची काळिजं खराब होतात, म्हणून तिथे १९५९ च्या कायद्यात ते घातक तण ठरलं. हिरवं असताना जनावर टाळतं, पण वाळल्या गवतात आलं की ओळखत नाही. आपल्या सोनकीचं काय, कोवळी असताना काय, पेंढ्यात आली तर काय, हे विचारायचं तर गुराख्यालाच विचारायला हवं. आणि पानाची एक प्रत, निदान फोटो, गावाला द्यावा.

दुसरी गोष्ट, आपली. औषधी पाल्याची माहिती आल्या-गेल्याला सांगत सुटू नका. जैवविविधतेचं आणि पारंपरिक ज्ञानाचं राखण हा वनहक्क कायद्याने गावाचा सामूहिक हक्क मानला आहे. काय सांगायचं, काय नाही, ते ग्रामसभा ठरवेल.

तिसरी आणि महत्त्वाची. आपलं दप्तर आपणच करू. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाने लोकांची जैवविविधता नोंदवही करायची आहे. ठेकेदाराने ऑफिसात बसून भरलेली वही नको. शाळेतल्या पोरांनी आजी-आजोबांना घेऊन माळ फिरायचा. जुने पेपर, दोन फळ्या, वर दगड, एवढ्यात झाड वाळतं. पहिले काही दिवस पेपर रोज बदलायचा, नाहीतर बुरशी येते. मुळं उपटायची गरज नाही, फांदी पुरे, आणि एखादं झाड दुर्मिळ असेल तर नुसता फोटो. मग चिठ्ठी लिहायची: झाडाचं आपलं नाव. जागेचं आपलं नाव. तारीख. जागा कशी आहे, माळ की दळी की देवराई. कोणी दाखवलं. त्यांच्या आठवणीत ती जागा पूर्वी कशी होती, तिथे कोण राबत होतं. शेवटी दाखवणाऱ्याची सही किंवा अंगठा.

ही शेवटची दोन वाक्यं कुठल्याच हर्बेरियमच्या चिठ्ठीवर नसतात. आपल्या चिठ्ठीवर असतील. तीच आपल्याला दाव्यात लागणार आहेत. आणि एक प्रत वाडीत, एक शाळेत, एक संघटनेच्या कार्यालयात, म्हणजे पुन्हा पूर आला तर सगळं एकदम जाणार नाही.

सुरुवात या भादव्यात कुडपणपासून करू. सोनकी फुलली की निरोप द्या, कार्यकर्ते पेपर आणि फळ्या घेऊन येतील. पहिलं पान सोनकीचंच करायचं आणि त्या चिठ्ठीवर 'दाखवणार' म्हणून आजीचा अंगठा घ्यायचा, ती हो म्हणाली तर. तिने तो मागितलेलाच आहे.

दीडशे वर्षं 'वगैरे'त राहिलो, तेवढं बास झालं.

(हा लेख वाडीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांच्याकडे वनखात्याच्या जुन्या पावत्या, दळीचे कागद किंवा जुने नकाशे असतील, त्यांनी मूळ कागद हातचा सोडू नये, फक्त झेरॉक्स द्यावी.)

जिंदाबाद!